हार्ड डिस्क लावली पण दिसत नाहीये? फॉरमॅट करायची घाई नको

एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नाही असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न, दिसत नाही म्हणजे नक्की कुठे दिसत नाही? कारण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह न येणं वेगळं आणि कॉम्प्युटरला काहीतरी लावलंय हेच न कळणं वेगळं, पण लोक दोन्हीवर एकच उपाय करतात, काढा-घाला काढा-घाला.

आधी डिस्क कानाला लावा (एसएसडी असेल तर सोडा, त्यात फिरणारं काही नसतं). बारीक घरघर येतेय का, लाइट लागतोय का? काहीच नसेल तर आधी केबल बदला, त्या पोर्टेबल डिस्कची रुंद चपटी पिन असते ना ती फार लवकर सैल होते, आणि टाइप-सी वाली असेल तर काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात त्यातून डेटा जातच नाही.

लाइट लागतो पण डिस्क फिरत नाही, टुक टुक करून गप्प बसते, तर बऱ्याचदा करंट कमी पडतोय. यूएसबी २ पोर्टमधून नियमाने 500 मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून 900, आणि डिस्क सुरू होताना सगळ्यात जास्त खेचते. त्यामुळे मधला हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागे थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. मोठ्या ३.५ इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तोच गेलेला असतो कधीकधी. केबल-पोर्ट सगळं बदलून, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावूनही टकटक येतच असेल तर मात्र थांबा, आत हेडचा (डेटा वाचणाऱ्या भागाचा) प्रॉब्लेम असू शकतो आणि प्रत्येक वेळी चालू करून तुम्ही उरलासुरला डेटा घालवताय.

डिस्क छान फिरतेय पण दिसत नाही, इथे खरी मजा आहे. विंडोज की आणि एक्स दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, आणि वरची यादी नको, खालचा भाग बघा. तिथे डिस्क आहे, 'हेल्दी' लिहिलंय, फक्त ड्राइव्हचं अक्षर (E:, F: असं) नाही? राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, एखादं मोकळं अक्षर द्या, झालं काम. ऑफिसच्या लॅपटॉपवर डिस्कला मिळणारं अक्षर नेटवर्क ड्राइव्हने आधीच अडवून ठेवलेलं असतं त्यामुळे कधीकधी हे होतं, म्हणून मी शेवटच्या अक्षरांतलं एखादं देतो.

'रॉ' (म्हणजे विंडोजला डिस्कचा फॉरमॅट ओळखता येत नाही) दिसलं किंवा विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर कॅन्सल. डिस्क मॅकच्या किंवा लिनक्सच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असेल तर विंडोजला ती वाचताच येत नाही, बिघडलेलं काहीच नसतं, आणि तुम्ही मात्र ओके दाबून मोकळे. 'नॉट इनिशियलाइज्ड' (म्हणजे विंडोजला डिस्कची आतली मांडणीच सापडत नाही) आलं तरी तेच, आत डेटा असेल तर इनिशियलाइज करू नका. नेटवर जिथे तिथे चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) चालवा सांगतात ते मला अजिबात पटत नाही, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं, आधी जेवढं कॉपी होतंय तेवढं करून घ्या मग काय ते चालवा.

मधेच गायब होऊन परत येणारी डिस्क असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसताना यूएसबी झोपवणारी सोय) बंद करून बघा. डिव्हाइस मॅनेजरमधून तिची एंट्री अनइन्स्टॉल करून परत लावली तरी कधी कधी चालतं. मॅकवाल्यांनी फाइंडरच्या सेटिंगमध्ये एक्स्टर्नल डिस्कवर टिक आहे का तेवढं बघा, नसेल तर डिस्क लागलेली असूनही डेस्कटॉपवर येत नाही.

आणि डबा फोडून आतली डिस्क साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायची केबल) लावायचा जुगाड मोठ्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा जमतो, पण बऱ्याच छोट्या पोर्टेबलमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्याच बोर्डवर सोल्डर केलेलं असतं, तिथे साटा कनेक्टरच नसतो, शिवाय काहींमध्ये डेटा त्याच बोर्डच्या चिपने एन्क्रिप्ट केलेला असतो. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मॉडेल नंबर टाकून आत काय आहे ते बघून घ्या.