दुपारी तीननंतरची शांतता

पश्चिम लंडनमधील हाउन्स्लोमध्ये आमच्या घरातील घड्याळ हीथ्रो विमानतळाच्या तालावर चालते. वारा पश्चिमेचा असला की विमाने ओळीने छपरांवरून उतरतात आणि दुपारी तीन वाजता उतरण्याची धावपट्टी बदलली की आमचा गोंगाट दुसऱ्या वस्तीच्या वाट्याला जातो. इथल्या एका शाळेच्या आवारात मातीचे घुमट बांधले आहेत, कारण त्यांच्याखेरीज उघड्यावर मुलांना शिक्षिकेचे बोलणे ऐकू येत नाही. माझ्या गल्लीतील निम्मे शेजारी मात्र त्याच विमानतळावर सामान चढवतात किंवा साफसफाई करतात, त्यामुळे तक्रारही दबक्या आवाजातच होते.

मागील शनिवारी हीथ्रोच्या नियोजित तिसऱ्या धावपट्टीच्या विरोधातील सभेसाठी मी हार्मंड्सवर्थला गेलो. पंधराव्या शतकातील लाकडी धान्यकोठार अजून उभे असलेल्या या गावावर आणि शेजारच्या लाँगफर्डवर या योजनेची टांगती तलवार आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये अपील न्यायालयाने हवामानबदलाविषयीच्या पॅरिस कराराचा विचार न केल्याबद्दल या धावपट्टीला पाठिंबा देणारे सरकारचे धोरण बेकायदा ठरवले, त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि जानेवारी 2025 मध्ये अर्थमंत्र्यांनी धावपट्टीला पुन्हा पाठिंबा दिला. गावकऱ्यांच्या चिकाटीचे मला मनापासून कौतुक वाटले आणि थोडा रागही आला, कारण नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली आणि उलवे टेकडी सपाट झाली, तेव्हा पनवेलच्या आमच्या घरात चर्चा होती ती जागेच्या भावाची. आता विमान घराजवळ उतरेल याचा आनंद आईला अधिक आहे, आणि तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही.

सभेतील एका तरुणीने, ब्रिटनमधील सुमारे 70 टक्के हवाई प्रवास केवळ 15 टक्के लोक करतात, असे सांगणारे पत्रक हाती दिले. कोणी विचारले नसतानाही मी खुलासा केला की आम्ही वर्षातून एकदाच, आईला भेटण्यासाठी, विमानात बसतो. ती हसून म्हणाली की आमची मागणी वारंवार उडणाऱ्यांवर चढता कर लावण्याची आहे, वर्षातील पहिली फेरी त्यातून मोकळीच राहील. माझ्यासारख्याची सोय तिने आधीच करून ठेवली होती. मी निवेदनावर सही केली. ऑक्टोबरमधील लिस्बनच्या सहलीचे मात्र तिला सांगितले नाही.