ई४ चा छडा लागला

मंडळी, ई४ चा छडा लागला. ई४ म्हणजे दुपारी व्होल्टेज फार पडलं की आमच्या राहत्या गाडीचं (आरव्हीचं) वीज-संरक्षक यंत्र, ईएमएस, जो कोड दाखवून वीज तोडायचं तो. व्होल्टेज पडत होतं ते लांबलचक वायरीमुळे नव्हे, न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) एक जोड जमिनीखाली कुजला होता. ऑटोफॉर्मर (व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर) घ्यायचा बेत रद्द. मागच्या नोंदीनंतर ‘तो घेऊनच टाका’ असा आग्रह ज्यांनी धरला होता त्यांनी पुढचं जरूर वाचावं. घेतला असता तर पैसे गेलेच असते, शिवाय ऑटोफॉर्मर व्होल्टेज चढवतो तो पेडेस्टलमधून (गाडीला वीज देणाऱ्या खांबावरच्या पेटीतून) जास्त करंट ओढूनच, त्यामुळे तो कुजका जोड आणखी तापला असता.

आम्ही अजून पूर्व टेक्ससच्या पाइनच्या जंगलातल्या त्याच मेथडिस्ट कॅम्पवर आहोत. आमचं फिफ्थ व्हील (पिकअपने ओढायचं राहतं घर) ५० अँपच्या पॅडवर (गाडी लावायच्या जागेवर), शेजारची दोन्ही जोडपी ३० अँपवर, आणि तिन्ही पॅडना वीज येते ती मेंटेनन्स शॉपच्या पॅनेलमधून, सुमारे तीनशे फूट जमिनीखालून, दोन नंबर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम वायरीने. काम नोमॅड्सच्या (आरव्हीतून फिरणाऱ्या मेथडिस्ट स्वयंसेवकांच्या संस्थेच्या) रिवाजाप्रमाणे: सोमवार ते गुरुवार, दिवसाला सहा तास, तीन आठवड्यांचा प्रोजेक्ट, हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) कॅम्पकडून. म्हणजे वीज नीट नसली तरी तक्रार करायला जीभ रेटत नाही. कॅम्पकडे पैसा नाही म्हणून तर आपण येतो.

लक्षणं तुम्हाला माहीतच आहेत. सकाळी पेडेस्टलवर दोन्ही लेग (१२० व्होल्टच्या दोन गरम तारा) १२१, चित्रासारखे स्वच्छ. दुपारी दोनच्या सुमारास शेजारचे एसी सुरू झाले की ईएमएस वर ई४, पहिला लेग १०४ च्या खाली, आणि आमची वीज गुल. ईएमएस थोडं थांबून पुन्हा जोडणार, एसीचा कॉम्प्रेसर पुन्हा अडखळत उठणार, पुन्हा ई४. कॅम्पचे मेंटेनन्सवाले सकाळी मीटर लावून बघून गेले. त्यांना काही सापडलं नाही, आणि सकाळी ते सापडणारही नव्हतं. करंट वाहत नसताना खराब जोड आणि चांगला जोड मीटरला सारखेच दिसतात.

दोन गोष्टींनी दिशा बदलली. पहिली म्हणजे एका दुपारी ई४ ऐवजी ई५ आला. ई५ म्हणजे दुसऱ्या लेगवर व्होल्टेज जास्त, १३२ च्या वर. वायर लांब असल्यामुळे व्होल्टेज पडत असेल तर ते पडेल, चढेल कसं?

दुसरी गोष्ट आमच्या हिच्या लक्षात आली. ती केबिनचे पडदे शिवते आहे, आणि जुन्या शिलाई मशीनचा पिवळा बल्बवाला दिवा डायनिंगच्या टेबलावर चालू असतो. ती म्हणाली, “अहो, मी मागचा एसी लावला की माझा दिवा जास्त उजळतो.” मी तिला तीनदा करून दाखवायला लावलं. मागचा एसी बंद, दिवा मंद. मागचा एसी चालू, दिवा ठळक. लोड वाढवला की दिवा उजळतो! डायनिंगचं सॉकेट पहिल्या लेगवर आणि मागचा एसी दुसऱ्या लेगवर आहे हे पॅनेलच्या दारावर लिहिलेलंच आहे. तिथेच ट्यूब पेटली.

नगर जिल्ह्यात लाइनवर काम केलेल्या माणसाला हे ओळखीचं आहे. डीपीवर न्यूट्रल गेला की एका आळीतले बल्ब मिणमिणायचे आणि शेजारच्या आळीतले फटाफट उडायचे. तिथे तीन फेज, इथे दोन लेग, पण न्याय तोच. दोन्ही लेगचा परतीचा रस्ता एकच, न्यूट्रल. दोन्हींवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून काहीच जात नाही. एका लेगवर जास्त झाला की फरकाचा सगळा करंट न्यूट्रलने परततो. तो रस्ता अरुंद झाला असेल तर जड लेगचं व्होल्टेज बसतं आणि जेवढं तिथे बसलं जवळपास तेवढंच हलक्या लेगवर चढतं. मागच्या एसीने दुसरा लेग जड केला, न्यूट्रलवरचा भार उतरला, आणि शिलाई मशीनला श्वास मिळाला.

आता आकड्यांनी सिद्ध करायचं होतं, कारण ‘दिवा उजळला’ एवढ्यावर कॅम्पचा मॅनेजर खोदकाम काढणार नाही, आणि काढूही नये. शेजाऱ्यांना सांगून त्यांचे ब्रेकर बंद केले आणि आमच्या गाडीत फक्त १५०० वॉटचा एक हीटर लावला, पहिल्या लेगवर. साडेबारा अँपच्या आसपास. पहिला लेग १२१ वरून ११४, दुसरा १२१ वरून १२७. मग हीटर दुसऱ्या लेगवर: आकडे उलटे. मग दोन हीटर, एकेका लेगवर एक: दोन्हीकडे १२०. बेरीज बघा म्हणजे खात्री पटेल. रिकामी असताना २४२, एका हीटरवर २४१. म्हणजे दोन गरम तारांत जेमतेम एक व्होल्ट जातोय, आणि न्यूट्रलमध्ये सहा. तारा तिन्ही सारख्याच जाडीच्या. सहा व्होल्ट भागिले साडेबारा अँप, जवळपास अर्धा ओहम. निरोगी असता तर एक दशांश ओहमसुद्धा नसता भरला. आता दोन्ही शेजाऱ्यांचे एसी मिळून सव्वीसेक अँप धरा, अर्ध्या ओहममधून बारा-तेरा व्होल्ट. १२१ मधून वजा केले की ई४ च्या दारात, मिळवले की ई५. हा गुणाकार जमला तेव्हा मी गाडीबाहेर येऊन मोठ्याने “सापडलं!” म्हणालो. शेजारची मंडळी खुर्च्यांवर लिंबू सरबत पीत होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथे एक मत नोंदवून ठेवतो. सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर या दोषासाठी कुचकामी आहे. तार जोडलेली आहे की नाही एवढंच तो सांगतो, ती किती करंट झेलेल हे सांगत नाही. त्याऐवजी चांगला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) घ्या आणि गाडीत एक साधा हीटर ठेवा, टेक्ससच्या उन्हाळ्यातसुद्धा. ईएमएस मात्र प्रोग्रेसिव्ह कंपनीचाच असू द्या असं माझं ठाम मत झालं आहे. त्याने आकडे आणि कोड दाखवले म्हणून हे सगळं उलगडलं, आणि त्याने वेळेवर तोडलं म्हणून आमचा मायक्रोवेव्ह शाबूत आहे.

खोदकाम माझं काम नव्हे. टेक्ससमध्ये या कामाला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, आणि कॅम्पच्या विम्यासाठीही ते गरजेचं आहे. मॅनेजरने आकड्यांचा कागद बघितला आणि दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानेही हीटरचा प्रयोग करून बघितला, शॉपच्या पॅनेलमधला ब्रेकर बंद करून कुलूप लावलं, आणि आम्ही वायरीच्या रेषेवरून चालत निघालो. अर्ध्या वाटेवर, एका मोठ्या पाइनच्या बुंध्याशी, गवतात बुडालेलं बॉक्सचं झाकण सापडलं. पाइनच्या मुळाने बॉक्स एका बाजूने उचलला होता. झाकण काढलं तर आत फायर अँटचं आख्खं वारूळ. टेक्ससमध्ये राहिलेल्यांना ठाऊक आहे, या लाल मुंग्यांना विजेच्या बॉक्सचं विलक्षण आकर्षण, आणि माती भरून त्या ओल धरून ठेवतात. माती काढल्यावर तीन जोड दिसले. दोन काळ्या टेपमध्ये गुंडाळलेले, बऱ्या अवस्थेत. तिसऱ्याची टेप तपकिरी होऊन कडक झाली होती. ती सोलल्यावर लगच्या (तार स्क्रूने आवळून धरणाऱ्या कनेक्टरच्या) तोंडाशी पांढरी भुकटी, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारांपैकी बऱ्याचशा बोटाने हलवल्या तरी तुटत होत्या. गंज रोखणाऱ्या पेस्टचा मागमूस नाही. लगचा स्क्रू पाव फेरा सहज फिरला.

इलेक्ट्रिशियनने तिन्ही जोड कापून नवे केले. तारा चकचकीत होईपर्यंत ब्रशने घासल्या, अँटी-ऑक्सिडंट पेस्ट लावली, पाण्यात बुडाले तरी चालतील असे सीलबंद कनेक्टर घातले, आणि स्क्रू टॉर्क रेंचने, कनेक्टरवर छापलेल्या आकड्याइतकेच, आवळले. हे कनेक्टर हायवेवरच्या मोठ्या दुकानात नव्हते. तिथे मिळत होते ते कोरड्या जागेचे. तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रिकल सप्लायवाल्याने मात्र वायरीचा नंबर ऐकला आणि न विचारता योग्य माल काउंटरवर ठेवला. प्रत्येक कॅम्पवर पोचल्यावर असं दुकान कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांच्या नादी लागू नका.

नंतरचा हीटर: पहिला लेग ११९, दुसरा १२२. तो ११९ बघताना झालेला आनंद या वर्षातल्या इतर कुठल्याही दुरुस्तीने दिला नाही. त्याच फेरीत आणखी एक सुधारणा झाली. ३० अँपचे दोन्ही पॅड पहिल्याच लेगवर जोडलेले होते, त्यातला एक आता दुसऱ्यावर गेला. भर दुपारी सगळे एसी चालू असताना दोन्ही लेग ११७-११८. कॉम्प्रेसर एका दमात उठतो.

आमच्या हिचे पडदे यामुळे झपाट्याने पुढे गेले. मुलींच्या बाजूच्या केबिन पूर्ण झाल्या आहेत, आता गादीच्या खोळी. गुरुवारच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) तिने वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली, कुकर गाडीतच लावून, एसी बंद न करता. शेजाऱ्यांनी कुकरच्या शिट्टीवरच खूप प्रश्न विचारले. सकाळच्या डिव्होशनला (प्रार्थनेला) तिला बोलायला सांगितलं होतं. ती पंडिता रमाबाईंनी काढलेल्या केडगावच्या मुक्ति मिशनबद्दल बोलली, आणि रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या, इथल्या लोकांनी त्यांच्या कामासाठी मंडळं काढली, त्यातून १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उभं राहिलं, हे तिने सांगितलं. इथल्या मंडळींना ते नवीन होतं. आमच्याकडून इकडे परत काहीतरी येतंय, याचं तिला समाधान वाटतं आणि मलाही.

बेत असा होता की शनिवारी निघायचं, लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबच्या रेनबोज एंड पार्कमध्ये थांबून टपाल घ्यायचं आणि उन्हाच्या आधी उत्तरेला सरकायचं. पण वरचे परिच्छेद लिहिताना एक विचार मनातून जाईना. तो बॉक्स एकटा नाही. इलेक्ट्रिशियन बोलता बोलता म्हणाला होता की केबिनकडे जाणारी लाइनही त्याच वेळची आणि त्याच पद्धतीने जोडलेली दिसते. जूनमध्ये त्या केबिनमध्ये मुलं झोपणार आहेत. पॅडवर आमच्याकडे ईएमएस होता. केबिनमध्ये तोडणारं काही नाही. सैल न्यूट्रलवर पंखे आणि विंडो एसी चालत राहणार, जोड तापत राहणार, आणि ब्रेकर पडणार नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. ब्रेकरला हा दोष दिसतच नाही.

म्हणून लिहिणं अर्ध्यावर ठेवून मॅनेजरकडे जाऊन आलो. तो लगेच तयार झाला. आता उत्तरेला जाणं लांबणीवर. सोमवारपासून हीटर आणि मीटर घेऊन एकेक केबिन तपासायची, दोन्ही लेगचे आकडे बिनलोड आणि लोडवर लिहायचे. जिथे हलका लेग तीन व्होल्टहून जास्त चढेल ती केबिन लाल खुणेची, आणि इलेक्ट्रिशियनने त्या बाजूचे बॉक्स आधी उघडायचे. शेजारच्या पॅडवरचे गृहस्थ निवृत्त फायरमन आहेत, त्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन बरोबर यायचं कबूल केलंय. पॅनेलची झाकणं उघडणं इलेक्ट्रिशियनचं काम, सॉकेटवरचं मोजमाप आमचं.

ऑटोफॉर्मरचे वाचलेले पैसे आता दोन गोष्टींना: पुढच्या एसीला सॉफ्ट स्टार्ट (कॉम्प्रेसर हळू उठवणारं उपकरण), आणि एक दुसरा क्लॅम्प मीटर, जो या कॅम्पच्या शॉपमध्येच ठेवून जाणार. सॉफ्ट स्टार्ट बसवताना फोटो काढेन, कारण आमच्या छतावरच्या युनिटमध्ये कपॅसिटरशेजारी जागा फार कमी आहे आणि कंपनीच्या आकृतीत ती भरपूर दाखवली आहे.

तुमच्यापैकी जे हिवाळ्यात टेक्सस किंवा फ्लोरिडाच्या कॅम्पवर जाणार आहेत, त्यांनी पॅडवर लागल्याच्या पहिल्याच संध्याकाळी एका लेगवर हीटर लावून दोन्ही आकडे लिहून काढा. हलका लेग तीन व्होल्टहून जास्त चढला तर रात्रभर एसी चालवू नका, मॅनेजरला कागद दाखवा. केबिनच्या तपासणीचे आकडे पुढच्या नोंदीत. स्लाइडच्या (गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) सीलबद्दल ज्यांनी विचारलं होतं, त्यांना तोवर थांबावं लागेल. ती गळती अजून आहे, पण ती फक्त तिरप्या पावसात होते, आणि सध्या पाऊस नाही.