सर, तुम्ही नेमके कुणाचे?

मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादात हा प्रश्न मला २०२४ च्या लोकसभा निकालापासून बाजारात, लग्नात, मयतीत, सगळीकडे विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांतल्या काहींना वाटतं, मी घाबरतो. काहींना वाटतं, मी आतून समोरच्यांना सामील आहे. मी बीड जिल्ह्यातला मराठा आहे, आयुष्यभर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं आणि माझी मतं मी कधी लपवली नाहीत. तरी तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगतो.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठ्या चालल्या, तो अन्याय होता. निजामाच्या काळातल्या नोंदीत ज्याच्या आजा-पणजापुढे कुणबी लिहिलेलं आहे, त्याला कुणबी असल्याचा, म्हणजे ओबीसीत बसण्याचा, दाखला मिळालाच पाहिजे. कागद कुणाच्या तरी दप्तरात धूळ खात पडला, हा त्या माणसाचा दोष नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी बीडमध्ये आणि माजलगावात आमदारांची घरं पेटवली गेली, त्याचं समर्थन मी केलं नाही आणि करणार नाही. नोंद सापडलेल्याच्या नातेवाइकांनाही दाखला देणाऱ्या जानेवारी २०२४ च्या ‘सगेसोयरे’ मसुद्याबद्दल मला शंका होती, ती अजून आहे. त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला जे ओबीसी कार्यकर्ते उपोषणाला बसले, त्यांची भीतीही मला खरी वाटते. जागा मुळातच मूठभर, त्यात वाटेकरी वाढणार म्हटल्यावर माणूस धास्तावणारच.

आता यात कुंपणावर बसणं कुठं आलं? प्रत्येक मुद्द्यावर मी बाजू घेतली आहे. त्या सगळ्या बाजू एका झेंड्याखाली मावत नाहीत, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढं स्पष्ट आहे तर लोक का चिडतात? त्यासाठी पारावरची बैठक सांगायला हवी.

आमच्या गावात ‘एक गाव एक गणपती’ होता. लोकसभेला बीडमध्ये वंजारी समाजाच्या, म्हणजे ओबीसी, पंकजा मुंडे साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या, मराठा समाजाचे बजरंग सोनवणे निवडून आले, आणि गावात ‘आपल्याच माणसाच्या दुकानात जा’ असे निरोप फिरायला लागले. मराठ्यांच्या पोरांनी एका वंजारी पोराच्या किराणा दुकानात जाणं बंद केलं. तिकडच्या काही घरांनी मराठ्याच्या डेअरीवर दूध घालणं बंद केलं. कुणी आधी सुरुवात केली याच्या दोन कहाण्या आहेत, आणि मला दोन्ही सविस्तर ऐकवल्या गेल्या आहेत.

ऑगस्टमध्ये मारुतीच्या पारावर बैठक बसली. दोन मंडळं करायची, असं दोन्हीकडच्या पोरांनी आधीच ठरवलं होतं. मी उठलो. म्हटलं, मूर्ती एकच ठेवा, वर्गणी एकच करा, अध्यक्ष एकीकडचा आणि खजिनदार दुसरीकडचा घ्या, आणि दहा दिवस डीजेवर कुठल्याच नेत्याचं गाणं नको. एवढंच बोललो. माझाच एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, आधी सांगा, मतदान कुणाला केलं?”

मी म्हटलं, मतदान गुप्त असतं आणि ते मी सांगणार नाही.

मग माझा चुलतभाऊ उठला. आमचा बांधाला बांध आहे. लहानपणापासून एका ताटात जेवलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, “अण्णा, तुमचं रगत तरी कुणाचं हाय? काकूच्या तेराव्याला आपले आलते का त्यांचे, इचारा सोताला.”

मी म्हटलं, “दोन्ही आले होते. पंगतीत पाणी तू वाढलंस, आणि तुझ्या बरोबरीनं त्या किराणावाल्या पोरानं.”

तो खाली बसला. मला वाटलं, आता निघेल काहीतरी मार्ग. तेवढ्यात त्या किराणावाल्या पोराचे वडील, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सर, तुमी चांगले हायेत. पण तुमच्या चांगुलपणानं माझ्या पोराचं दुकान चालत न्हाई.”

भावाचं बोलणं मला लागलं, पण त्याला उत्तर होतं. या माणसाला काय उत्तर द्यायचं?

त्या वर्षी गावात दोन गणपती बसले. २०२५ लाही दोनच. भाऊ घरी येत नाही. मी किराणा त्याच दुकानातून आणतो, पण एका घराच्या तेल-साखरेवर दुकान चालत नाही, हे त्या बापाला माझ्याआधी कळलं होतं.

वर्गात मी पोरांना सांगायचो, नेते एकत्र बसले की कार्यकर्ते निवळतात. काँग्रेसचे विलासराव देशमुख आणि भाजपचे गोपीनाथ मुंडे यांच्या मैत्रीचा दाखला द्यायचो. तेव्हाच्या त्या मास्तरशी माझं आता भांडण आहे. नोव्हेंबर २०१९ ला शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेली, जून २०२२ ला शिंदे आणि जुलै २०२३ ला अजित पवार भाजपबरोबर: या राज्यात कोण कुणाबरोबर बसायचं राहिलं? वर सगळे सगळ्यांना चालतात. खाली भावकी तुटते ती सांधत नाही. वरच्यांनी वाटून घेतलेल्या खुर्च्यांना संयम म्हणायचं असेल तर तो औषध नाही, हे मी कबूल करतो. पण म्हणून पोरांनी मला ‘मवाळ’ म्हणून हिणवावं, हे मला मान्य नाही. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना जहालांनी भित्रं ठरवलं, त्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. भाषा सौम्य होती, मागणी सौम्य नव्हती. मला तसा मवाळपणा हवा आहे. तो गावात रुजेल का? माझ्या गावात तरी अजून रुजलेला नाही.

२ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला आणि तुम्ही पुन्हा विचारलंत, “आता तरी सांगा.” तो निर्णय नीट वाचा. दाखल्याच्या अर्जाची चौकशी गावपातळीवरच्या समितीनं करायची आहे. म्हणजे कुणाचं घराणं कुठलं, पूर्वी जमीन कोण कसत होतं, हे शेवटी गावातच विचारलं जाणार. जे गाव एकमेकांच्या दुकानात जात नाही, ते एकमेकांबद्दल खरं सांगेल? मराठ्याचा खरा दाखला अडवायला एक खोटी साक्ष पुरते, आणि खोटा दाखला काढायलाही एकच पुरते.

मला विचारलं तर जे ठाऊक आहे ते सांगेन. नोंद खरी असेल तर तो ज्या पक्षाचा झेंडा लावतो तो मला दिसणार नाही. खोटी असेल तर तो माझ्या भावकीतला असला तरी तसंच सांगेन. चुलतभाऊ त्यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्या बापानं पारावर जे म्हटलं, त्याचं उत्तर मात्र यातूनही मिळत नाही.