समुद्रतळावरची सरळ ओळ

डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीत केबलच्या मार्गासाठी तळाचं सर्वेक्षण सुरू होतं. रात्रपाळीला सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचं चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर मी होते. तळावर धोंडे, तुटलेली जाळी, जुने नांगर दिसतातच, पण विखुरलेले. त्या रात्री मात्र ठिपके एका रेषेत येऊ लागले. सारखा आकार, सारखं अंतर.

जहाजावर डॅनिश नौदलातून निवृत्त झालेले स्फोटकतज्ज्ञ होते. त्यांना उठवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिंकर आहेत. १९१४ चे, आमचेच." सिंकर म्हणजे पाणसुरुंगाला तळाशी धरून ठेवणारं वजन.

पहिलं महायुद्ध पेटताच ग्रेट बेल्टसारख्या सामुद्रधुन्या बंद करण्यासाठी जर्मनीने डेन्मार्कवर दबाव आणला. जर्मनांनी सुरुंग पेरण्यापेक्षा आपणच पेरावेत आणि युद्धाबाहेर राहावं, असं डेन्मार्कने ठरवलं. हे काम सुरुंग पेरणाऱ्या जहाजांचं. १९१० मध्ये पाण्यात उतरलेली 'लॉसन' त्यांतलीच. अशा जहाजाच्या डेकवर रूळ असतात, थेट मागच्या टोकापर्यंत. सुरुंग आपल्या सिंकरसकट त्यावरून ढकलत नेऊन ठरलेल्या वेळी पाण्यात सोडायचा. वेग जराही बदलायचा नाही. सगळा भार डेकवर, म्हणजे उंचावर, आणि प्रत्येक सुरुंगागणिक तो घटत जाणार, त्यामुळे जहाजाचा तोल आराखड्यातच सांभाळावा लागतो.

पुढची करामत मला फार आवडते. सुरुंग तरंगतो, सिंकर तार सोडत खाली जातो. सिंकरखाली दोरीला एक वजन लोंबतं. ते तळाला टेकलं की तारेचं रीळ अडकतं आणि बुडणारा सिंकर सुरुंगाला तेवढ्याच दोरीइतका पाण्याखाली ओढतो. खोली मोजायला माणूस लागतच नाही.

नंतर तारा कापून सुरुंग काढले जातात, सिंकर तळाशीच राहतात. पण आमच्या ओळीतला एक ठिपका मोठा होता. सकाळी आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवायचा कॅमेरेवाला पाण्याखालचा यंत्रमानव, खाली सोडला, तर सुरुंग सिंकरवरच बसलेला! तो कधी सुटलाच नव्हता.

जहाज दूर नेलं, नौदलाला कळवलं. वाट पाहताना त्या तज्ज्ञांनी २९ ऑगस्ट १९४३ ची हकिगत सांगितली. जर्मन सैन्य कोपनहेगनमधल्या होल्मेनच्या नौदल तळावर चालून आलं, तेव्हा व्हाइस ॲडमिरल वेडेल यांच्या आदेशावरून खलाशांनी आपलीच जहाजं बुडवली. एकूण ३२. लॉसनही त्यात गेली. पुढे त्यांतली बरीच जर्मनांनी वर काढून वापरली, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. तरीही तो आदेश मला योग्यच वाटतो.

नौदलाचे पाणबुडे आले. शिंशुमार, म्हणजे डॉल्फिनसारखे छोटे सागरी प्राणी, दूर जावेत म्हणून आधी पाण्यात आवाज सोडले, मग स्फोट. हादरा आमच्या डेकच्या पोलादातून तळपायांना जाणवला.

अहवालात केबलचा मार्ग ओळीपासून बाजूला वळवावा, असं मी सुचवलं. सिंकर उचलणं कंत्राटदाराला सोपं गेलं असतं. पण तळावरच्या शंभराहून अधिक वर्षं जुन्या वस्तूंना डॅनिश संग्रहालय कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या ओळीत सुरुंग पेरणाऱ्या जहाजाची अख्खी फेरी वाचता येते. मार्ग वळवला गेला.