कांद्याच्या चाळीत सापडलेलं काम: नवं उत्पादन निवडतानाचा माझा अनुभव

आमचा शीटमेटलचा कारखाना नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे. गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतो. ड्रॉइंग कंपनी देणार, दर कंपनी ठरवणार, आणि तिकडे मंदी आली की इकडे प्रेस थांबणार. स्वतःच्या नावाचं एक तरी उत्पादन असावं, हे भागीदाराच्या आणि माझ्या मनात बरीच वर्षं होतं. शेवटी मनावर घेतलं तेव्हा एक पक्कं केलं: पत्रा कापायच्या आधी काय बनवायचं याचा नीट शोध घ्यायचा, मग त्याला कितीही वेळ लागो.

क्षेत्र कांद्याचं निवडलं. माझं गाव निफाड तालुक्यातलं, लासलगाव आणि पिंपळगावचे बाजार जवळ, त्यामुळे शेतात जाऊन बसायला कुणाची ओळख काढावी लागणार नव्हती. कारखान्यात वेल्डरपासून हिशेब लिहिणाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी एक वही ठेवली. अट एकच. वहीत यंत्राचं नाव लिहायचं नाही, अडचण लिहायची: कुणाला, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामात त्रास होतो आणि आज तो माणूस त्यावर काय करतो. ‘ग्रेडिंग मशीन’ असं लिहिलं की डोकं तिथेच थांबतं. ‘गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढायला दोन बायका दिवसभर लागतात’ असं लिहिलं की चार वाटा दिसतात.

वही भरली, पण ‘कांदा सडतो’ हीच नोंद वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली. एवढ्यावर काही बनवता येत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये जातो आणि दिवाळीपर्यंत राहतो. चार-सहा महिन्यांत 30 ते 40 टक्के माल जातो असं सर्रास धरलं जातं. तो एका कारणाने जात नाही. मे-जूनच्या उन्हात वजनाची घट येते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते, पाऊस संपून गारवा आला की कोंब फुटतात. तिन्हींचे उपाय वेगळे. लासलगावला 2002 पासून विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्यावर किरणांचा मारा करतात. विकिरणाने कोंब थांबतात, सड थांबत नाही. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथल्या शिफारशी वाचल्या. खालून हवा खेळणाऱ्या चाळीवर भरपूर काम झालंय, चाळीला अनुदानही मिळतं. तिथे आमच्यासाठी जागा नव्हती.

मग प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न लावले, थ्रीएमसारख्या मोठ्या कंपनीतही वापरले जाणारे: गरज खरी आहे का, आपण त्यात टिकू का, आणि करून परवडेल का. गुण देऊन बेरीज करायची पद्धत मला पटत नाही. बेरजेत एका प्रश्नावर नापास झालेली कल्पना बाकीच्या दोघांच्या जिवावर तरून जाते. आम्ही एकाला जरी ‘नाही’ आलं तरी नोंद बाजूला ठेवली.

सगळ्यांचा ओढा सेन्सरकडे होता. चाळीत सड सुरू झाली की मोबाईलवर सूचना. गावातल्या एका नानांना विचारलं, तर ते म्हणाले, “कळलं तरी करू काय? कप्पा उपसायला मजूर शोधू, का पडत्या भावात गाडी भरू?” बरोबर होतं त्यांचं. ज्याच्याकडे उपसायला माणसं आहेत आणि माल लगेच काढायची सोय आहे, त्याला त्या माहितीचा उपयोग. मोठ्या गोदामाला तो नक्की होईल, नानांच्या चाळीला नाही. सोडलं. ग्रेडिंगची यंत्रं बनवणारे आधीच भरपूर, तेही सोडलं.

काटणीने मात्र मला बराच काळ धरून ठेवलं. उपटलेला कांदा पातीसकट शेतात तीनेक दिवस सुकतो, मग बायका ओळीने बसून विळ्याने पात कापतात. मान दोन-अडीच सेंटिमीटर राखायची. फार आखूड कापली तर उघड्या तोंडातून सड शिरते. मी एका मावशींशेजारी बसून राहिलो. डाव्या मुठीत कांद्याची पात, उजव्या हातात विळा, आणि अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबचा कापून चढवलेला तुकडा. तो तुकडा मला वहीतल्या कुठल्याही नोंदीपेक्षा मोठा पुरावा वाटला. माणूस स्वतःहून उपाय करून घेतो तिथे गरजेबद्दल शंका राहत नाही. शिवाय लाल (खरीप), रांगडा (उशिरा खरीप), उन्हाळ (रब्बी) अशा तिन्ही हंगामांत काटणी असतेच.

पण दुसऱ्या प्रश्नावर गाडी अडली. शेतात पडलेल्या कांद्यांची पात दहा दिशांना असते, ती यंत्राने एका बाजूला आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि उक्ती, म्हणजे ठरवून घेतलेल्या कामाच्या रकमेवरची काटणी ही कित्येक घरांची हक्काची रोख कमाई. तिच्यावर घाव घालून पहिलं उत्पादन काढायला माझं मन होईना. मावशींसाठी अंगठ्याचं चांगलं कवच बनवायचं, ही नोंद वहीत अजून जिवंत आहे.

चाळ भरताना पाहिलं तेव्हा चौथीच गोष्ट समोर आली. 25 टनांची चाळ म्हणजे 20 किलोच्या हिशेबाने 1,250 क्रेट. गडी क्रेट खांद्यावर घेऊन येतो आणि कप्प्याच्या वरून रिकामा करतो. पहिल्या थरातला कांदा चार-पाच फुटांवरून थेट बांबूवर आपटतो. एका शेतकऱ्याने जुनी ताडपत्री उतरती बांधून तिच्यावरून कांदा सोडायला लावला होता. मी ट्यूबचा तुकडा पाहून आलेलो होतो, त्यामुळे ताडपत्री लगेच डोळ्यांत भरली.

खर्च करण्याआधी पडताळा घेतला. एकाच वाफ्यातला कांदा. निम्मा छातीएवढ्या उंचीवरून बांबूवर सोडला, निम्मा गोणपाटाच्या उतारावरून घरंगळत खाली आणला. खुणा करून वेगवेगळ्या क्रेटांत, त्याच चाळीच्या कोपऱ्यात ठेवला. पोळ्याच्या सुमारास दोन्ही ढीग निवडले. आपटलेल्या कांद्यात सडका माल नुसत्या नजरेला दिसेल इतका जास्त निघाला. वरचं सालपट काढलं की मऊ पडलेला डाग बहुतेक कांद्यांत एकाच बाजूला, मार लागला तिथे. एका चाळीतला, एका वर्षाचा हा पडताळा. पुढचं पाऊल टाकायला मला तेवढा पुरला.

टिकू का? कांदा न आपटता कप्प्यात उतरवायचा तर उतरती पन्हळ, उंची बदलणारा सांगाडा, छोटा कन्व्हेयर बेल्ट, हे आमच्या हातातलं काम. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तो घेतला. बेल्टने माल वर नेणं ही जुनी गोष्ट, तिच्यावर हक्क मिळणार नाही. डिझाइनची नोंदणी 10 वर्षांसाठी होते आणि आणखी 5 वर्षं वाढवता येते, पण ती बाह्य रूपापुरती. आम्ही टिकलो तर दरावर आणि वेळेवरच्या दुरुस्तीवर टिकू.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाची होती. लाल कांदा चाळीत साठत नाही, तो थेट बाजारात जातो. म्हणजे शेतकऱ्याला ही वस्तू वर्षात जेमतेम महिनाभर लागणार. बाकीचे महिने धूळ खाणाऱ्या वस्तूसाठी त्याने कर्ज काढावं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून लासलगावला व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर, म्हणजे विकत घेतलेला कांदा उतरवायच्या मोकळ्या आवारांत, जाऊन बसलो. तिथे ट्रॉलीतून कांदा ओतणं, निवडणं, गोणी भरणं तिन्ही हंगामांत चालू असतं. एक व्यापारी म्हणाले, “ओतताना मार खाल्लेला कांदा दिल्लीला पोचेपर्यंत वास मारतो, साहेब. पैसे तिथे कापले जातात.” इथे हिशेब बसला. विकत घेणारा खळेवाला, आणि चाळीसाठी तेच यंत्र शेतकरी गटाने घेऊन सभासदांना भाड्याने द्यायचं. किंमतही उलटी काढली: एका चाळीच्या भरणीला शेतकरी किती भाडं आनंदाने देईल ते आधी विचारलं, त्यावरून गटाला झेपेल तो आकडा धरला आणि त्यात बसेल असाच पत्रा, मोटर आणि चाकं निवडली.

पहिलं यंत्र सध्या एका खळ्यावर चालतंय, दुसऱ्यासाठी एका गटाने आगाऊ रक्कम दिली आहे. खळ्यावर जागा मोकळी असते. चाळीच्या दोन कप्प्यांमधली वाट अरुंद, तिथे सांगाडा घडी होऊनच आत जायला हवा. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघेल, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून सध्या बिजागऱ्यांवरच काम चालू आहे.