हॉट टब अपडेट : तिसरं पाणी, अकरावा आठवडा

आज सकाळचं रीडिंग : पीएच ७.५, क्लोरीन ३, अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवणारे क्षार) ८०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) २३०, हे तिन्ही आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम; तापमान ३८. पाणी भरून ७६ दिवस झाले आणि टॉर्च मारला की तळाची शिवण अजून स्वच्छ दिसते. पहिलं पाणी पाच आठवड्यांत गेलं होतं, दुसरं तर त्याच्याही आधी, म्हणून या तिसऱ्याचं मला फार अप्रूप आहे, आणि काय बदललं ते सविस्तर लिहितोय कारण आपल्या सोलापूरसारख्या गावात ८०० लिटर पाणी दर महिन्याला गटारात सोडणं मनाला पटतच नाही. नळाला काही दिवसांआड पाणी, उन्हाळ्यात टँकरच्या मागं धावायचं, आणि आपण टब रिकामा करतोय!

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सेटअप. हवा भरायचा टब, ८०० लिटरचा, जुळे सोलापूरला घराच्या मागच्या फरशीवर. आबांच्या गुडघ्यांसाठी घेतला, आता सगळ्यांनाच लागतो. वीज स्वतंत्र सर्किटवरून, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) लावून, यात अजिबात काटकसर करू नका. आणि कुणी गच्चीवर ठेवायचा विचार करत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, नुसतं पाणीच ८०० किलो, वर चार माणसं, म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास जातं आणि घराची गच्ची साधारण दीडशेच्या हिशोबानं धरलेली असते.

पहिलं पाणी सरळ बोअरचं भरलं होतं. हार्डनेस ५६०. पहिल्याच आठवड्यात भिंतीला हात लावला की खरखरीत, पाण्याला दुधी झाक, पीएच रोज ८ च्या वर, आणि पाचव्या आठवड्यात हीटर एरर द्यायला लागला. उघडून बघितलं तर गीझरच्या कॉइलवर चढतो तसला पांढरा थर. होतं काय की पाणी तापलं आणि बुडबुडे सोडले की त्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो, पीएच चढतो, आणि विरघळलेलं कॅल्शियम खडूसारखं बाहेर पडतं, ते पण सगळ्यात आधी जिथं सगळ्यात गरम आहे तिथं, म्हणजे हीटरवर. सायट्रिक ऍसिडच्या कोमट पाण्यात तीन तास फिरवल्यावर हीटर वाचला. त्याच्या आधी क्लोरीनचं सगळं पाणी काढून टब धुवून घेतला होता, कारण कुठलंही ऍसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू होतो. हे बंद खोलीत तर नाहीच, उघड्यावर सुद्धा नाही.

आबांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते तीस वर्षं चादर-टॉवेलच्या कारखान्यात डायिंगला होते. म्हणाले, "पाणी न बघताच भरायलास की रे. जड पाण्यात रंग कधी सारखा बसत नाही, डाग पडतात. आमच्याकडं आधी पाणी बघायचे, मग रंगाचा डबा उघडायचे." मी केमिकलच्या बाटल्यांवर वाचत बसलो होतो आणि उत्तर घरातच बसलेलं होतं. तेव्हापासून नियम एकच, टब भरायच्या आधी बादलीभर पाण्याची टेस्ट.

दुसरं पाणी नळाचं, दोन पाळ्यांत साठवून भरलं. हार्डनेस २४०, एकदम मस्त. तीन आठवडे काही त्रास नाही. मग दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे पोरांना तेल-उटणं लावून झालं होतं आणि अंगावर पाणी घ्यायच्या आधीच ती दोघं टबात. सणाचा दिवस, थंडी, कुणी ओरडणार त्यांच्यावर? पण तेल, उटण्याची पूड, डोक्याचं शिकेकाई, सगळं पाण्यात. बबल चालू केले तर वीतभर फेस. फिल्टर काढला तर तपकिरी लगदा, घड्यांच्या आतपर्यंत. दोनदा शॉक दिला, म्हणजे रात्री क्लोरीन १० पर्यंत नेलं, सकाळी शून्य. दोन्ही वेळा. जेव्हा रात्रभरात सगळं क्लोरीन खाऊन टाकतं तेव्हा समजायचं की पाण्यात आणि पाइपात घाण इतकी आहे की आता केमिकल ओतणं म्हणजे पैसे ओतणं. सोडून दिलं.

सोडायच्या आधी मात्र लाइन क्लीनर, म्हणजे पाइप आतून साफ करायचं केमिकल, टाकून रात्रभर पंप चालवला, आणि सकाळी पाण्यावर जे आलं ते बघून मी हादरलो. राखाडी-तपकिरी, शेंबडासारखे तुकडे. हा बायोफिल्म. पाइपाच्या आत जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतात, वरच्या पाण्यात क्लोरीन असलं तरी आत पोचत नाही. नुसतं पाणी बदललं आणि हे तसंच ठेवलं तर नव्या पाण्यात दोन दिवसांत परत तेच. म्हणून पाणी सोडायच्या आधी लाइन धुणं, नंतर नाही. हवेच्या टबवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, बबल बंद असले की हवेच्या वाहिनीत टबाचंच पाणी शिरून बसतं. मी आता रोज क्लोरीन टाकल्यावर झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं बबल चालवतो, म्हणजे परत आत शिरणारं पाणी क्लोरीनवालं असतं.

आता तिसरं पाणी, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

सप्टेंबरच्या पावसात गच्चीच्या एका भागाचा पाइप काळ्या टाकीला जोडला होता, पहिले दोन पाऊस गच्ची धुवायला सोडून दिले आणि मग साठवलं. हिशोब सोपा आहे, १००० चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-बिळती धरून ७०० लिटरच्या वर मिळतं. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून आपण त्याचा विचारच करत नाही, पण टबाला कितीसं लागतं! पावसाच्या पाण्यात हार्डनेस जवळजवळ शून्य, आणि तेही चालत नाही, फार मऊ पाणी धातूच्या भागांना खातं. म्हणून ५०० लिटर पावसाचं आणि ३०० लिटर बोअरचं असं मिसळलं. कागदावर २१० येत होतं, टेस्टमध्ये २२० आलं. १५० ते २५० च्या मध्ये पाहिजे होतं, बसलं. त्या दिवशी आबांना टेस्टची स्ट्रिप दाखवली, ते नुसतं "हं, आता रंग बसंल" म्हणाले.

अल्कलिनिटी १३० होती. ती तशीच ठेवली की बबल चालवले की पीएच चढत राहतो, मग आपण पीएच मायनस टाकतो, परत चढतो, हा खेळ मी पहिल्या पाण्यात महिनाभर खेळलो. या वेळी तीन दिवसांत मिळून ९५ ग्राम पीएच मायनस, म्हणजे सोडियम बायसल्फेट, थोडं थोडं बादलीत विरघळवून टाकलं आणि अल्कलिनिटीच ८० वर आणली. त्यानंतर पीएच आठवड्याला एकदा किंचित सुधारावा लागतो, बस.

क्लोरीनचं जरा नीट वाचा कारण इथं मी आधी चुकत होतो. दुकानात मागितलं की बहुतेक वेळा टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या देतात. त्या स्विमिंग टँकला ठीक, पण छोट्या टबात फार आम्लधर्मी पडतात, गोळी तळाला बसली तर तिथला रेक्झिन पांढरा पडतो. ब्लीचिंग पावडर नको कारण ती स्वतःच कॅल्शियम आणते, आणि या दोन गोष्टी एका मगात कधी मिसळू नका, पेट घेतात. मी सुरुवातीला डायक्लोर ही क्लोरीनची पूड वापरतो. सोन्या-चांदीच्या छोट्या काट्यावर मोजून रोज ५ ग्राम, ८०० लिटरला साडेतीन पीपीएम येतं. पण डायक्लोरबरोबर सायन्युरिक ऍसिड (क्लोरीनला उन्हात टिकवणारं) पण जातं, १० पीपीएम क्लोरीनमागं ९ पीपीएम, आणि ते कमी होत नाही, साठतच राहतं आणि पुढं क्लोरीनचा जोरच घालवतं. थोडं पाहिजे, ३० च्या आसपास. म्हणून दहा दिवस डायक्लोर, एकूण ५० ग्राम, आणि अकराव्या दिवसापासून लिक्विड हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन, रोज २५ ते ३० मिली. लिक्विड आपल्या उन्हात लवकर मरतं, त्यामुळे मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, छोटा घ्या, सावलीत ठेवा. मला वाटतं या पाण्याचं आयुष्य वाढलं ते मुख्यतः या एका बदलामुळं.

बाकी रोजचं काम दहा मिनिटांचं. फिल्टर एक दिवसाआड नळीखाली, घड्या उघडून आतून बाहेर. माझ्याकडे दोन फिल्टर आहेत, रविवारी एक क्लीनरमध्ये भिजायला जातो आणि मग दोरीवर पूर्ण वाळेपर्यंत, दुसरा टबात. पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा नुसत्या ओल्या फडक्यानं, साबण अजिबात नाही. झाकणाची आतली बाजू पण पुसायची, तिथं बुरशी धरते. टबात उतरायच्या आधी प्रत्येकाची बिनसाबणाची अंघोळ, डोक्याला तेल असेल तर केस बांधून वर. आणि आपल्या गावात हे सांगायलाच पाहिजे, नवा कोरा टर्किश टॉवेल टबाजवळ नेऊ नका, दोन-तीन धुण्यांपर्यंत तो लव सोडतो आणि ती सगळी फिल्टरला जाऊन बसते. हे पण आबांचंच.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते तेव्हा खरी परीक्षा झाली. तीन दिवस रोज पाच-सहा जण. पहिल्या रात्री क्लोरीनचा उग्र वास आला, मामा म्हणाले जास्त झालंय, कमी कर. टेस्ट केली तर शून्यावर होतं. तो वास ताज्या क्लोरीनचा नसतो, घाम-लघवीशी लढून दमलेल्या क्लोरीनचा असतो, तेव्हा कमी नाही, जास्त टाकायचं. डोस दुप्पट केला, रात्री झाकण अर्धा तास उघडं, सकाळी परत ३. पाणी टिकलं! आई मात्र आता सगळ्यांना दारातच विचारते, अंघोळ झाली का.

पाणी कधी बदलायचं याचा हिशोब मी असा करतो : लिटरला ११ नं भागा, मग रोज सरासरी किती माणसं बसतात त्यानं भागा, तेवढे दिवस. आमचं दोघांचं आठवड्यातून तीनदा धरून ८५ दिवस येतात, पाहुण्यांमुळं खरं तर कमीच. त्यामुळे कितीही स्वच्छ दिसलं तरी येत्या रविवारी वापरातून काढणार. शनिवारी रात्री लाइन क्लीनर. पाणी दोन दिवस झाकण काढून उन्हात, क्लोरीन शून्य झालं की मोटरीनं ड्रमात, फ्लशला आणि फरशी-पार्किंग धुवायला. झाडांना देत नाही, यात सोडियम साठलेलं असतं आणि काळी माती त्यानं घट्ट होऊन जाते, कडीपत्त्याच्या एका वाफ्यात बघितलंय.

चौथ्या पाण्याला पावसाचं फक्त दीडशे लिटर उरलंय, बाकी नळाचं घ्यावं लागेल. आणि त्याच्यानंतर मार्च. उन्हाळ्यात टब बंद करून ठेवू असं कुणी म्हणत असेल तर पूर्ण रिकामा करून वाळवून ठेवा, कारण आपल्याकडे हीटर बंद असला तरी पाणी ३०-३५ वर राहतं आणि लिजनेलासारख्या जंतूंना नेमकं तेच लागतं, ते बुडबुड्यांच्या तुषारातून फुप्फुसात जातात. बिनक्लोरीनचं कोमट पाणी झाकून ठेवणं सगळ्यात वाईट.

सहा वाजता आबांची वेळ, ३८ डिग्री, वीस मिनिटं. त्याच्या आधी दोरीवरचा फिल्टर वाळला का बघतो.