आधी मोजमाप, मग खरेदी

आज दिवसभर जुन्या डर्ट बाइकचं 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिन उघडून बसलो होतो. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली ओढून पाहिला, प्ले म्हणजे ढिलेपणा अजिबात नाही. जीवात जीव आला, कारण क्रँक (दांड्याने फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) गेला असता तर बजेटच कोलमडलं असतं. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, खोल ओरखडे नाहीत, म्हणजे रीबोअरही (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) वाचलं. पिस्टनची नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या दोन टोकांमधली गॅप मोजली: 0.25 मिमी, मॅन्युअलच्या मर्यादेत. पिस्टन पिनच्या सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) मात्र नव्याच. जुनी सुटली तर अख्खा सिलिंडर खरवडते, तिथे काटकसर करूच नये. (काम करताना क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक असलेल्या खालच्या खोक्याच्या, तोंडावर स्वच्छ फडकं हवंच, आत काही पडू नये म्हणून.)

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उद्या बसवीन. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) मित्राकडून येतोय.